गाडीतला नकाशा घ्यावा की मोबाइलवरच भागवावे? मुंबईत गाडी चालवणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत

साष्टीकर | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

सर्व सभासदांना नमस्कार.

तेरा वर्षे वापरलेली आमची गाडी आता बदलायची ठरली आहे. नव्या गाडीवर घरातल्या सर्वांचे एकमत झाले आहे, पण एका गोष्टीवर घोडे अडले आहे. या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच नकाशा बसवून येतो, म्हणजे मोबाइल जोडला नाही तरी तो रस्ता दाखवतो आणि बोलून सांगतो. मधल्या मॉडेलमध्ये पडदा तेवढाच मोठा आहे, परंतु त्यावर नकाशा हवा असेल तर आपला मोबाइल जोडावा लागतो. दोन्हींच्या किमतीत लाखभराचा फरक आहे. वरच्या मॉडेलमधल्या बाकीच्या सोयींची आम्हाला गरज नाही, तेव्हा हा लाख रुपयांचा प्रश्न खरे तर नकाशाचाच आहे.

गाडी मुख्यतः बाबा चालवतील. त्यांचे वय ६८ आहे आणि मुंबईत गाडी चालवण्याचा अनुभव तीस वर्षांहून अधिक. दर रविवारी मुलुंडहून गिरगावला आत्याकडे आणि वर्षातून दोन-तीनदा दापोलीला, एवढाच आमचा मोठा प्रवास. बाबांना जुनी मुंबई तोंडपाठ आहे. मात्र सागरी किनारा मार्ग झाल्यापासून हाजी अलीच्या चढ-उतारांवर त्यांचा दोनदा गोंधळ झाला आणि तेव्हापासून, कधी नव्हे ते, आदल्या रात्री मला रस्ता विचारून ठेवू लागले आहेत. मोबाइल हाताळणे त्यांना आवडत नाही. म्हणून मला गाडीतल्या नकाशाचा मोह होतो आहे, पण पाच-सहा वर्षांनी त्याचे काय होईल हे कळत नाही. ज्यांनी दोन्ही वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिठा | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

साष्टीकर, माझे उत्तर स्पष्ट आहे. लाख रुपये वाचवा आणि मोबाइल जोडा.

माझी गाडी २०१७ ची आहे आणि तिच्यात कंपनीने बसवलेला नकाशा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही शिवडीहून उरणला निघालो. २१.८ किलोमीटरच्या या पुलाचा साधारण साडेसोळा किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. शिवडीचा किनारा सुटल्याबरोबर आमच्या पडद्यावरचा बाण निळ्या रंगात शिरला. आजूबाजूला ना रस्ता, ना नाव. दर अर्ध्या मिनिटाला आतली बाई सांगत होती, "शक्य होईल तिथे वळा." मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या आईने दोनदा काळजीने विचारले की आपण चुकलो तर नाही ना. शेवटी आवाज बंद केला.

त्यानंतर नकाशा नवा करून घ्यायला सर्व्हिस सेंटरला गेलो. कार्ड बदलावे लागेल, त्याचे काही हजार रुपये होतील आणि त्या कार्डात अटल सेतू असेलच असे सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या मोबाइलवर मात्र तो पूल तोवर कधीच आला होता.

दुचाकी_दौड | ८ नोव्हेंबर, रात्री १०.३२

मी स्कूटर चालवते, त्यामुळे गाडीतल्या नकाशाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु साष्टीकरांच्या घरात कोणी दुचाकी चालवत असेल तर एक गोष्ट सांगून ठेवते. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. गुगल मॅप्समध्ये २०१७ पासून भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडल्याशिवाय निघू नये. चारचाकीचा पर्याय चालू राहिल्यामुळे मी एकदा सेतूच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले होते आणि तिथून मागे वळणे फार धोक्याचे होते.

नकाशेवाला | ८ नोव्हेंबर, रात्री ११.५०

अठरा वर्षे संगणकीय नकाशे तयार करण्याच्या कामात घालवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण सगळे ज्याला 'नकाशा' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. गाडी आत्ता कुठे आहे हे ओळखणे ही पहिली, रस्त्यांचे चित्र ही दुसरी, आणि त्या रस्त्यांवर या क्षणी काय चालले आहे ही तिसरी. गाडीतला नकाशा पहिल्या गोष्टीत सरस असतो आणि मोबाइल तिसऱ्या गोष्टीत. दुसऱ्या गोष्टीचा निकाल नकाशा किती ताजा आहे यावर लागतो. तिठा यांचा सगळा त्रास दुसऱ्या गोष्टीचा आहे.

पहिल्या गोष्टीविषयी थोडे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपले ठिकाण नीट कळायला किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि गाडीतले नकाशे घराघरांत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. पण संदेश कितीही चांगला असला तरी तो काँक्रीटमधून आरपार येत नाही, आणि लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागात उंच इमारतींच्या काचांवर आपटून वाकड्या वाटेने येतो. अशा वेळी मोबाइलचा बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो.

गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिचे एक चाक किती फिरले, दुसरे किती फिरले आणि गाडी कोणत्या अंगाला वळली हे तिला स्वतःच्या अंगावरच कळते. उपग्रह दिसेनासे झाले तरी शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून ती हिशोब मांडत पुढे जाते. ही कल्पना जीपीएसच्याही आधीची आहे. होंडाने १९८१ साली जपानमध्ये गाडीत बसवलेल्या यंत्राला उपग्रहांचा आधारच नव्हता. वळण आणि अंतर मोजून ते यंत्र पारदर्शक नकाशामागे एक ठिपका सरकवत असे आणि एका नकाशाची हद्द संपली की चालकाला दुसरा नकाशा सरकवावा लागे.

आता तुमच्या कामाचे. मोबाइल गाडीला जोडल्यावर काही गाड्या आपल्या छतावरच्या अँटेनाचे आणि चाकांच्या वेगाचे आकडे मोबाइललाही पुरवतात, काही पुरवत नाहीत. लाख रुपयांचा निर्णय घेण्यापूर्वी मधले मॉडेल ते पुरवते का, हे तपासा.

गिरगावकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

नकाशेवाला यांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. सागरी किनारा मार्गाचे जुळे बोगदे प्रत्येकी २.०७ किलोमीटर लांबीचे आहेत आणि मलबार हिलच्या पोटातून जातात. मी मरीन ड्राइव्हकडून शिरतो तेव्हा माझ्या मोबाइलचा बाण काही वेळ अंदाजाने पुढे सरकतो आणि मग थांबतो. प्रियदर्शिनी पार्कजवळ बाहेर आल्यावर एकदा तो नेपियन्सी रोडवर जाऊन बसला आणि तिथूनच नवा रस्ता आखू लागला. ते सावरेपर्यंत हाजी अलीला उतरण्याची पाटी मागे गेली आणि मला वरळीपर्यंत जाऊन परतावे लागले. साष्टीकरांच्या बाबांचा गोंधळ नेमका याच पट्ट्यात होतो आहे, म्हणून त्यांनी गाडीतल्या नकाशाचा विचार सोडू नये.

काळीपिवळी | ९ नोव्हेंबर, दुपारी २.०५

मी सव्वीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवतो आहे. आता दुपारची विश्रांती आहे, म्हणून सावकाश लिहितो.

रस्ता कळावा म्हणून मी मॅप लावत नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळावे म्हणून लावतो. दादरहून सीएसएमटीला जायचे तर रस्ते मला झोपेतही सांगता येतील, पण त्यातला कोणता रस्ता आज सकाळी कोणाच्या मिरवणुकीने किंवा कोणत्या फुटलेल्या जलवाहिनीने अडला आहे हे मला घरी बसून कळणार नाही. ते मोबाइलच सांगतो.

परंतु मोबाइलच्या दोन चुका मला पाठ झाल्या आहेत आणि त्या सर्वांनी लक्षात ठेवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली चूक पुलाची. परळकडून भायखळ्याकडे जाताना लालबागचा लांब उड्डाणपूल लागतो. वरून गेले तर थेट भायखळा आणि खालून गेले तर लालबाग, चिंचपोकळी. मी प्रवाशाला चिंचपोकळी स्टेशनला सोडायला खालून जातो, तेव्हा मोबाइलला बऱ्याचदा वाटते की मी वर आहे. मग तो गप्प बसतो. वळण आले तरी गप्प, गेले तरी गप्प. नव्या चालकाला ते मौन म्हणजे 'सरळ जा' वाटते आणि तो सरळ निघून जातो.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती जास्त धोक्याची आहे. जोराच्या पावसात अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेमध्ये पाणी भरू लागले की सुरुवातीला तिथे गाड्या अडकतात आणि रस्ता लाल दिसतो. नंतर लोक मागे फिरतात, कोणी त्या बाजूला जातच नाही आणि रस्ता ओस पडतो. गाड्याच नाहीत म्हणजे मोबाइल नाहीत, आणि मोबाइल नाहीत म्हणजे कोंडीही नाही. पोलिसांनी अडथळे लावल्याची खबर नकाशापर्यंत पोहोचली तर ठीक, नाही तर तोच रस्ता सर्वांत मोकळा दिसतो. पावसाळ्यात आजूबाजूचे सगळे रस्ते लाल आणि सबवे तेवढा स्वच्छ दिसला, तर माझे चाक तिकडे वळत नाही.

तिठा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.४०

काळीपिवळी, पाण्याचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार. पण या दोन्ही चुका गाडीतल्या नकाशातही होतीलच की नाही?

नकाशेवाला | ९ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

पाण्याची चूक गाडीतल्या नकाशात अधिकच होईल, कारण बहुतेक जुन्या नकाशांना वाहतुकीची काहीच खबर नसते. पुलाच्या चुकीचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. सर्व उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, म्हणून उपग्रहांवरून उंची ओळखण्यात आडव्या अंतरापेक्षा नेहमीच जास्त चूक होते. पूल आणि खालचा रस्ता एकावर एक असले की फरक फक्त उंचीचाच उरतो. गाडीला चढाचा कोन जाणवत असेल तर ती ओळखू शकते, पण प्रत्येक गाडीत ती सोय नसते. गुगल मॅप्सने २०२४ मध्ये भारतातल्या अनेक शहरांत उड्डाणपुलावर चढायचे की नाही हे आधीच सांगायला सुरुवात केली, तो याच अडचणीवरचा उपाय आहे. चढण्यापूर्वीच नीट सांगितले तर वर की खाली हे नंतर ओळखण्याची वेळ कमी येते.

हा विषय किरकोळ नाही. याच वर्षी जुलैत बेलापूरला खाडीपुलावर चढण्याऐवजी खालचा रस्ता धरल्यामुळे एक गाडी रात्री जेट्टीवरून खाडीत गेल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. सागरी सुरक्षेच्या जवानांमुळे चालक महिलेचा जीव वाचला.

सायरन | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी रुग्णवाहिका चालवतो. या धाग्यावर बोगदे आणि पूल यांची चर्चा झाली, परंतु आमचा सर्वाधिक वेळ शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जातो आणि त्याविषयी कोणी लिहिलेले नाही.

मुंबईला रेल्वेने उभे चिरले आहे. एखाद्या इमारतीची खूण नकाशावर रुळांपासून थोड्या अंतरावर असते, पण रस्ता पूर्वेकडून आहे की पश्चिमेकडून हे चुकले तर ते थोडे अंतर वीस मिनिटांचे होते. गेल्या वर्षी कुर्ल्याच्या बाजूला एका आजोबांना घ्यायला गेलो होतो. खूण अगदी बरोबर जागेवर होती. आम्ही पोहोचलो ते इमारतीच्या मागच्या भिंतीशी, आणि मध्ये नाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांची मुलगी हात हलवत होती, आम्हाला ती दिसत होती आणि आमची गाडी तिच्यापर्यंत जाऊ शकत नव्हती. आजोबा वाचले, पण तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून मी गाडी सुरू करण्यापूर्वी फोनवर तीनच प्रश्न विचारतो: पूर्व की पश्चिम, गेट कोणत्या रस्त्यावर, आणि खाली कोण उभे राहील.

मूळ प्रश्नाकडे येतो. बाबांना मोबाइल हाताळायला आवडत नाही, ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यापुरते, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. मोबाइल मांडीवर किंवा कपहोल्डरमध्ये ठेवून खाली मान घालणारे चालक मी रोज पाहतो. मोबाइलचा नकाशा घ्यायचा असेल तर तो गाडीच्या पडद्यावर दिसलाच पाहिजे आणि पत्ता गाडी उभी असतानाच टाकला पाहिजे.

पाणंद | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

सायरन, आपले लेखन वाचून गलबलून आले.

दापोलीच्या प्रवासाविषयी मी लिहिते, कारण माझे माहेर मंडणगडचे. माणगावच्या पुढे लोणेऱ्याला महामार्ग सोडून आंबेतमार्गे मंडणगडला जाणारा रस्ता तुमच्या बाबांना माहीत असेलच. या वाटेवर मोबाइलला मधूनमधून रेंज नसते. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर पडदा करडा होतो. बाण असतो, पण त्याच्याखाली रस्ता नसतो. रेंज गेली म्हणजे जीपीएस गेले, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. उपग्रहांचा संदेश येतच असतो, फक्त चित्र आणायला इंटरनेट नसते. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घेतला की ही अडचण संपते. गाडीतल्या नकाशाचे चित्र मुळातच गाडीत असते, एवढा त्याचा फायदा.

मात्र पावसाळ्यात मी दोन्हींवर विसंबत नाही. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी दीर्घ काळ बंद होता तेव्हा आमच्या गाडीतला नकाशा आम्हाला शांतपणे त्याच पुलाकडे घेऊन जात होता. लोणेऱ्याच्या टपरीवर चहा घेताना तिथल्या काकांनी सांगितले म्हणून आम्ही महाडवरून गेलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि गाड्या नदीत गेल्या, तेव्हापासून आमच्या घरातले कोणीही मुसळधार पावसात रात्री त्या पट्ट्यात गाडी घालत नाही, नकाशा काहीही सांगो.

वीजगाडी | १० नोव्हेंबर, सकाळी १०.५०

साष्टीकर, गाडी पेट्रोलची आहे की विजेची, हे आपण लिहिलेले नाही. विजेची असेल तर माझे मत गाडीतल्या नकाशाच्या बाजूने आहे.

गाडीतल्या नकाशाला बॅटरीत किती वीज उरली आहे हे ठाऊक असते. मी ठाण्याहून नाशिकला जातो तेव्हा कसाऱ्याचा घाट चढताना वीज किती भराभर उतरते याचा हिशोब गाडी आधीच मांडते आणि पोहोचल्यावर किती टक्के शिल्लक राहील ते सांगते. एरवी मोबाइलला माझी बॅटरी दिसत नाही. तो फक्त चार्जिंगची ठिकाणे दाखवतो. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांतून मोबाइलचा पडदा गाडीवर दाखवण्याची सोय काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हाही असेच कारण सांगितले गेले होते.

तिठा | १० नोव्हेंबर, सकाळी ११.२५

वीजगाडी, जनरल मोटर्सच्या त्या निर्णयावर ग्राहक किती नाराज झाले होते हेही लिहायला हवे. गाडी आपण विकत घेतो आणि नकाशासाठी पुढे दरवर्षी वर्गणी भरत राहायची, हे मला मान्य नाही. मोबाइल आपण तीन-चार वर्षांनी बदलतोच, त्याच्याबरोबर नकाशाही नवा होतो. गाडी दहा-बारा वर्षे टिकते आणि तिच्यातला पडदा पहिल्या दिवशी होता तसाच राहतो.

नकाशेवाला | १० नोव्हेंबर, दुपारी १.००

तिठा यांचे जुन्या गाड्यांपुरते म्हणणे बरोबर आहे, नव्या गाड्यांविषयी मात्र ते अपुरे आहे. आता अनेक गाड्यांत सिम असते आणि नकाशा रात्री आपोआप नवा होतो. काही गाड्यांत तर गुगल मॅप्सच मोबाइलशिवाय थेट गाडीत बसवलेले असते, तर भारतातल्या अनेक कंपन्या मॅपमायइंडियाचे नकाशे वापरतात. म्हणून 'गाडीतला नकाशा' म्हणजे जुनाट, हे समीकरण सोडून द्यावे. शोरूममध्ये विचारायचे ते असे: नकाशा नवा होतो तो सर्व्हिस सेंटरमध्ये की आपोआप, पहिली किती वर्षे विनामूल्य, आणि त्यानंतर वर्गणी न भरल्यास नकाशा तिथेच थांबतो की बंदच पडतो. विक्रेत्याने तोंडी दिलेले उत्तर पुरेसे मानू नका, लेखी घ्या.

मैलाचा_दगड | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

मी स्वतः ७१ वर्षांचा आहे, म्हणून साष्टीकरांच्या वडिलांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आमच्या वयाच्या माणसाला पत्ता सापडत नाही असे नसते. अडचण होते ती पडद्याकडे पाहून पुन्हा रस्त्याकडे पाहताना. जवळच्या चष्म्यातून लांबच्या चष्म्यात येईपर्यंत पुढची रिक्षा थांबलेली असते. म्हणून नकाशा कोणाचा आहे याआधी तो कुठे दिसतो हे पाहा. डॅशबोर्डच्या मधोमध खाली असलेला पडदा मला त्रासाचा होतो. चाकामागच्या वेगदर्शकाजवळ वळणाचा बाण दिसला तर नजर फार हलवावी लागत नाही. आणि आवाज मोठा व स्पष्ट हवा. जमल्यास बाबांना स्वतः चालवून पाहू द्या, आपण शेजारी बसून निर्णय घेऊ नका.

मोबाइल काचेजवळच्या होल्डरला लावून एप्रिल-मे महिन्यात गाडी चालवणाऱ्यांनाही सांगतो की तो इतका तापतो की पडदा आपोआप अंधुक होतो. माझा एकदा ऐन घाटकोपरला पूर्णच बंद पडला होता.

काळीपिवळी | १० नोव्हेंबर, रात्री १०.००

काकांचे म्हणणे अगदी खरे आहे. मी होल्डर काचेवरून काढून एसीच्या जाळीवर लावला, तेव्हापासून मोबाइल तापायचा थांबला.

साष्टीकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी पेट्रोलची आहे, वीजगाडी. मैलाचा दगड काकांचा सल्ला मानून आज सकाळी शोरूममधून वरचे मॉडेल चालवायला घेतले, बाबा चाकावर बसले आणि विक्रेत्याच्या परवानगीने आम्ही गाडी थेट दक्षिण मुंबईत नेली. गाडीच्या पडद्यावर गाडीचा नकाशा आणि माझ्या हातात मोबाइल, दोन्हींत एकच पत्ता.

पूर्व मुक्त मार्गाच्या छोट्या बोगद्यात दोघांत काही फरक जाणवला नाही. मरीन ड्राइव्हवरून सागरी किनारा मार्गाच्या बोगद्यात शिरलो तेव्हा मात्र गिरगावकर म्हणतात तेच घडले. गाडीचा बाण वळणागणिक वळत राहिला आणि बाहेर पडताना अचूक तोंडाशी होता. मोबाइलचा बाण मध्येच थांबला आणि उजेडात आल्यावर काही क्षण भटकून जागेवर आला. हाजी अलीची सूचना गाडीने वेळेवर दिली. त्या क्षणी मी मनातल्या मनात लाख रुपये देऊन टाकले होते.

परतताना वरळीहून परळला जायचे होते. गाडीच्या नकाशाने शांतपणे प्रभादेवीच्या पुलाकडे वळायला सांगितले. एल्फिन्स्टनचा तो पूल १२ सप्टेंबरपासून पाडकामासाठी बंद आहे, हे मुंबईत लहान मुलांनाही माहीत आहे. मोबाइलने मात्र आपणहून दादरच्या टिळक पुलावरून जायला सांगितले. विक्रेता म्हणाला की गाडीचा नकाशा दर तीन महिन्यांनी नवा होतो. बाबा त्याला शांतपणे म्हणाले, "बोगद्यात रस्ता एकच असतो, तिथे मी चुकणार नाही. हाजी अलीची पाटी आता मी दोनदा नीट पाहिली आहे. पण पूल बंद आहे हे मला तीन महिन्यांनी कळून काय उपयोग?"

तिठा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बाबांना माझा नमस्कार सांगा.

गिरगावकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मला अजूनही बोगद्याबाहेरच्या पहिल्या काही क्षणांची काळजी वाटते. मधले मॉडेल गाडीचे आकडे मोबाइलला देते का, हे पाहिले का?

साष्टीकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१०

विक्रेत्याला विचारले, पण त्याला सांगता आले नाही. नकाशेवाला, हे आपले आपण तपासण्याचा काही मार्ग आहे का?

नकाशेवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ११.००

खात्रीचा नाही, पण साधा मार्ग आहे. मधल्या मॉडेलला केबलने मोबाइल जोडा, नकाशा चालू ठेवा आणि एखाद्या मोठ्या इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळात शिरा. दोन मजले खाली जा, जिथे आकाश मुळीच दिसत नाही. तिथे हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे वळा आणि मग पूर्ण थांबा. गाडीचे आकडे मिळत असतील तर बाण तुमच्याबरोबर वळेल आणि तुम्ही थांबल्यावर थांबेल. मिळत नसतील तर तो जागेवर अडकेल किंवा सरळ रेषेत भिंतीतून निघून जाईल. हीच चाचणी केबल काढून बिनतारी जोडणीनेही करून पाहा, कारण काही गाड्यांत दोन्हींचा अनुभव वेगळा येतो.

साष्टीकर | २३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आज चाचणी केली. मुलुंडच्याच एका मॉलच्या तळघरात, दुसऱ्या मजल्यावर. केबल जोडल्यावर बाण डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि आम्ही खांबाजवळ थांबलो तिथे तोही थांबला. बिनतारी जोडणीने तो उताराजवळच रेंगाळत राहिला. बाबांनी स्वतः वाकून पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, "मग केबल गाडीतच ठेवायची, काढायची नाही."

मधले मॉडेल नोंदवले आहे. बाबांसाठी जुना मोबाइल सिमसह गाडीतच कायमचा ठेवणार आहोत, म्हणजे फोन येऊन नकाशा झाकला जाणार नाही. त्यात आत्याचे घर, दापोली आणि आमच्या डॉक्टरांचा दवाखाना असे तीन पत्ते जतन केले आहेत आणि रायगड-रत्नागिरीचा नकाशा उतरवला आहे. गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल आणि नाताळच्या सुट्टीत दापोलीला जायचा बेत आहे.

सायरन | २३ नोव्हेंबर, रात्री ११.४५

दवाखान्याचा पत्ता जतन करताना त्याची खूण इमारतीवर न ठेवता गेटवर ठेवा. खूण बोटाने सरकवता येते.

पाणंद | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

निघण्यापूर्वी मला इथे निरोप पाठवा. आंबेतवरून जायचे की महाडवरून, हे मी आदल्या रात्री माहेरी फोन करून विचारून ठेवीन.